पुण्यातील दोन पुस्तके

वाचन ही एकांतातील गोष्ट आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु पुस्तकाचे आयुष्य एकट्या वाचकावर अवलंबून नसते. वाचलेले दुसऱ्यास सांगणारी व 'हे अवश्य वाचा' असा आग्रह धरणारी चार माणसे भोवती असली, म्हणजेच ते टिकते. भगिनींची वाचकमंडळे हेच कार्य करीत असतात. त्याचे मोल जाणण्यास १८८२ साली पुण्यात प्रसिद्ध झालेली दोन पुस्तके पुरेशी आहेत.

त्या वर्षी पंडिता रमाबाई पुण्यास आल्या. वय अवघे चोवीस. पतीचे नुकतेच निधन झालेले आणि कडेवर लहानगी मनोरमा. त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. त्याच्या साप्ताहिक सभांना स्त्रिया जमू लागल्या. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांनाही तेथे ऐकून विचार करता येई. हे सोपे नव्हते. रमाबाई रानडे या सभांना जात, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष त्यांना सोसावा लागे. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्यांनी हा छळ संयमाने नमूद केला आहे. तरीही समाजाचे काम पुण्याबाहेर सोलापूर, अहमदनगर अशा शहरांत पोहोचले.

पंडिताबाईंचे 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक याच वर्षी निघाले. त्यांची वाणी ऐकलेला वर्ग आधीच तयार होता. पुस्तक खपले, आणि त्याच्या उत्पन्नाचा उपयोग १८८३ मधील इंग्लंडच्या प्रवासखर्चासाठी झाला.

दुसरे पुस्तक बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना'. सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेस बालहत्येबद्दल झालेली फाशीची शिक्षा, आणि त्या निमित्ताने समस्त स्त्रीजातीवर वृत्तपत्रांतून झालेले दोषारोप, हे त्याचे निमित्त. जो दोष स्त्रीच्या माथी मारता, तो पुरुषात नाही काय, असा ताराबाईंचा रोखठोक सवाल होता. स्त्रियांना उपदेश करणारे पुस्तक समाजाला मानवते. पुरुषांना जाब विचारणारे मानवणे कठीण. ताराबाईंवर टीका झाली. महात्मा फुले यांनी १८८५ साली 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. परंतु एका थोर पुरुषाची साक्ष पुरी पडली नाही. बुलढाण्यात बसून लिहिणाऱ्या या बाईंच्या पाठीशी कोणतीही स्त्रीसभा उभी नव्हती. त्यांचे दुसरे पुस्तक निघाले नाही, आणि हेही विस्मृतीत गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. मध्ये त्र्याण्णव वर्षे लोटली होती. स्त्रियांच्या तीन पिढ्या त्या पुस्तकावाचून वाढल्या.

दोन्ही पुस्तके एकाच शहरात, एकाच वर्षी छापली गेली. दोहोंच्या लेखिका निर्भय होत्या. फरक सुराचा होता, तसाच सोबतीचाही होता.

म्हणून भगिनींनी आपल्या मंडळात गाजलेल्या ग्रंथांची चर्चा अवश्य करावी. परंतु प्रत्येक बैठकीत एक प्रश्न आवर्जून विचारावा: ज्याची शिफारस करावयास कोणी नाही, असे एखादे पुस्तक आपल्यापैकी कोणाच्या पाहण्यात आहे काय? असेल, तर पुढच्या बैठकीस प्रथम तेच आणावे.