पगाराची आदली रात्र

जुलै 1967. रात्रीचे साडेअकरा. दादरच्या चाळीत तुमच्या दाराची कडी वाजते. "साहेब, मशीन बंद पडलंय. खाली टॅक्सी थांबवलीय." चाळीत फोन कुणाकडेच नाही, म्हणून शिपाईच भिजत आलाय. मध्यरात्र असली तरी पांढरा शर्ट आणि टाय हवाच. आयबीएमचा इंजिनिअर गिऱ्हाइकाकडे लेंग्यात जात नाही.

फोर्टातली एका गिरणीची कचेरी. काचेपलीकडच्या गारठ्यात 1401 हे संगणकयंत्र उभं आहे. फार फार तर 16,000 अक्षरं लक्षात ठेवणारं, पण भाडं महिन्याच्या महिन्याला मोजून घेणारं. उद्या पगार. चार हजार कामगार, माणशी एक पंचकार्ड. 1402 रीडर मिनिटाला 800 कार्डं वाचतो, म्हणजे काम पाच मिनिटांचं. दोन तास झाले, शंभराच्या पुढे गाडी सरकलेली नाही.

"मेमरी गेली असणार," ऑपरेटर म्हणतो. बिघाड झाला की सगळ्यांना मेमरीच आठवते. तुम्ही सर्किटच्या नकाशांचं बाड उघडतही नाही. "चालू करा," म्हणता आणि डोळे मिटून उभे राहता. खडखड, खडखड, मग एक दबका चुरचुर आवाज. झाकण उघडता. आत एक कार्ड पंख्यासारखी घडी होऊन अडकलंय.

हॉपरमधलं दुसरं कार्ड घेऊन बोटांत वाकवता. नव्या कार्डाची जाडी इंचाचे सात हजारांश. रीडरच्या तोंडाशी फट आहे ती एकच कार्ड जाईल एवढीच. हे मात्र पापडासारखं मऊ लागतंय, कडेला किंचित फुगलंय. "खोकी कुठं ठेवता?"

"बाहेर, व्हरांड्यात."

ट्रान्झिस्टर शाबूत, मेमरी शाबूत. कॉलेजात शिकलेलं इलेक्ट्रॉनिक्स आज रात्री काही कामाचं नाही. चुरगळलेली कार्डं नव्यानं पंच करायला देता. ब्रश पुसता. मग तुम्ही, ऑपरेटर आणि शिपाई, तिघं मिळून कार्डांच्या छोट्या छोट्या गड्ड्या एअरकंडिशनरच्या झोतासमोर मांडता, पत्ते पिसावेत तशा फुलवत राहता.

तीन वाजता 1403 प्रिंटर धडधडू लागतो, मिनिटाला 600 ओळी. पगारपत्रकं घड्या पडत पडत खाली येतात. लॉगबुकात बिघाडाच्या रकान्यात 'पाऊस' लिहिता येत नाही. तुम्ही 'कार्ड फीड' लिहिता, सही करता आणि चर्चगेटला पहिल्या लोकलची वाट बघत बसता.