धानाचे वाण आणि ते निवडणारा

नवेगाव बांधाचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. त्यांचे नाव लोक विसरले नाहीत; कोलासूर देव म्हणून आजही त्यांची पूजा होते. परंतु अशा तलावांच्या पाण्यावर आपल्या पूर्वजांनी जे धान पिकविले, त्याची वाणे कोणी निवडली? हलके धान कोणी वेगळे काढले, भारी कोणी? याची नोंद कोणी ठेवली नाही. वाण राहिले, माणूस गेला.

सुदैवाने आपल्याच झाडीपट्टीत घडलेली एक हकीकत सालवार सांगता येते. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. मराठवाड्यातले नांदेड शहर वेगळे, हे आधीच सांगून ठेवतो. तेथे दादाजी रामाजी खोब्रागडे हे छोटे शेतकरी राहत. शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली त्यांच्या बांधीत ‘पटेल-३’ या जातीचे धान उभे होते. त्यात तीन लोंब्या त्यांना निराळ्या दिसल्या. दुसरा कोणी असता तर त्या कापणीत भाऱ्यात गेल्या असत्या. दादाजींनी त्या बाजूला काढल्या आणि पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या.

आता यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. त्याचे असे आहे, की धानाचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून एखादी लोंबी निराळी निघाली, तर तिचा गुण पुढच्या पिढ्यांत टिकविता येतो. मात्र तो टिकतो की नाही, हे वर्षानुवर्षे पाहावे लागते. भेसळीची रोपे उपटावी लागतात, बियाणे वेगळे राखावे लागते. नजर एका दिवसाची, पण राखण अनेक वर्षांची!

वाण तयार झाले, तरी ते लोकांनी घ्यायला हवे. १९९० साली एका मोठ्या शेतकऱ्याने १५० किलो बियाणे नेऊन ४ एकरांत लावले. पीक चांगले आले. तांदूळ बारीक, भात चवदार. माल तळोधीच्या बाजारात गेला, पण वाणाला नाव नव्हते. त्या काळी एचएमटीची घड्याळे फार लोकप्रिय होती. व्यापाऱ्याने तेच नाव देऊन टाकले! मग या शेतकऱ्याकडून त्या शेतकऱ्याकडे, असे हे बियाणे शेजारच्या राज्यांतही पोचले.

१९९४ मध्ये कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने प्रयोगासाठी थोडे बियाणे नेले. १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे शुद्ध केलेले वाण प्रसारित झाले. शुद्धीकरणाचे काम लहान नव्हे, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या नावात घड्याळ आले, विद्यापीठ आले. दादाजी तेवढे आले नाहीत. २००५ साली राष्ट्रपती डॉ. कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. गरिबी मात्र सुटली नाही. ३ जून २०१८ रोजी ते वारले. तोवर त्यांनी ‘डीआरके’, ‘नांदेड हिरा’, ‘विजय नांदेड’ अशी आणखीही वाणे निवडली होती.

२००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपले वाण स्वतःच्या नावे नोंदविता येते. घरचे बियाणे राखण्याचा, देण्याघेण्याचा हक्कही आहे. पण कायद्याला पुरावा लागतो, आणि इतिहासालाही. तेव्हा आपल्या गावात कोणी निराळे वाण राखले असेल, तर एवढे करा: त्याचे नाव, साल आणि ते कोणत्या धानातून निघाले, हे एका वहीत लिहून ठेवा. तलाव बांधणाऱ्याचे नाव आपण तीनशे वर्षे राखले. वाण निवडणाऱ्याचेही तेवढे राखायला काय हरकत आहे?