कॅमेरा घेणाऱ्याचा इतिहास

यंत्रांचे इतिहास बहुधा शोधकांच्या नावांनी लिहिले जातात. कॅमेऱ्याच्या इतिहासातही डागेर, ईस्टमन, बार्नॅक ही नावे मानाने घेतली जातात आणि ते योग्यच आहे. परंतु यंत्र बाजारात आले, की त्याचा दुसरा एक इतिहास सुरू होतो. तो असतो ते विकत घेणाऱ्याचा. मुलांचे बालपण किंवा आईवडिलांचे उतारवय टिपून ठेवावे, म्हणून पगारातून चार पैसे बाजूला टाकून दुकानाची पायरी चढणारा साधा माणूस कॅमेरा कोणत्या कसोटीवर पारखीत आला, त्याच्यापुढे कोणते आकडे मांडले गेले आणि त्यांतील खऱ्या उपयोगाचे किती ठरले, याचा विचार आज करावयाचा आहे.

आरंभीची पन्नास वर्षे हा प्रश्न सामान्य माणसापुढे नव्हताच. १८३९ साली पॅरिसमध्ये डागेरची रीत जाहीर झाली. १८५१ साली इंग्लंडात फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या काचेची रीत प्रसिद्ध केली. काचेवर रसायनांचा थर द्यावयाचा, तो ओला आहे तोवर चित्र घ्यावयाचे आणि लगेच अंधाऱ्या खोलीत किंवा तंबूत ते धुवावयाचे, असा हा खटाटोप असे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा गोव्यातील मांद्रे गावी जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी तिच्या कार्यात भाग घेतला. पुढे इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस असलेल्या लाला दीनदयाळ यांनी १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला. होळकर दरबाराने त्यांना उत्तेजन दिले. हैदराबादच्या निजामाने तर त्यांना आपले दरबारी छायाचित्रकार नेमून ‘राजा’ हा किताब दिला. पण हे सारे विद्येचे, पैशाचे किंवा राजाश्रयाचे काम होते. सामान्य माणूस क्वचित कॅमेऱ्यासमोर बसे. कॅमेऱ्यामागे उभा राहण्याचे त्याच्या स्वप्नातही नव्हते.

त्याला कॅमेऱ्यामागे उभे केले ते अमेरिकेतील जॉर्ज ईस्टमन याने. १८८८ साली त्याने ‘कोडॅक’ नावाची लहानशी पेटी २५ डॉलरना विक्रीस काढली. तिच्यात १०० चित्रांची गुंडाळी भरलेली असे. ती संपली, की सबंध कॅमेराच रॉचेस्टर येथील कारखान्याकडे पाठवावयाचा. तेथे १० डॉलर घेऊन चित्रे धुऊन छापून देत आणि नवी गुंडाळी भरून कॅमेरा परत करीत. १९०० साली त्याच कारखान्याचा ‘ब्राउनी’ हा खोका अवघ्या एका डॉलरला मिळू लागला आणि शाळकरी मुलांच्याही हाती गेला.

या स्वस्ताईत ग्राहकाने काय गमाविले, हे मात्र ध्यानी घेतले पाहिजे. ब्राउनीचे भिंग साधे, झडपेची गती ठरलेली. चित्र चांगले यावयाचे तर स्वच्छ ऊन हवे आणि ते छायाचित्रकाराच्या पाठीमागून पडले पाहिजे. घरातला तिन्हीसांजेचा प्रसंग त्या खोक्याला झेपत नसे. थोडक्यात, कॅमेऱ्याचा कस अपुऱ्या उजेडात लागतो, हा धडा ग्राहकाला तेव्हाच मिळाला. भर उन्हात स्वस्त आणि महाग यांतील फरक थोडाच दिसतो. दिवेलागणीला तो उघडा पडतो.

आपल्याकडे मध्यमवर्गाच्या घरांत हा खोका पोहोचला तो विशेषतः स्वातंत्र्यानंतर. जर्मनीतील आग्फा कंपनीच्या ‘क्लिक थ्री’ या कॅमेऱ्याची निर्मिती वडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कारखान्यात होऊ लागली आणि कित्येक कुटुंबांचा तो पहिला कॅमेरा ठरला. त्याच्या एका रोलवर १२ चौकोनी चित्रे येत. उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात १९६७ साली उत्पादन सुरू झाले आणि देशी फिल्मही मिळू लागली. तरी रोल, धुलाई आणि छपाई यांचा खर्च पाहता प्रत्येक कळ विचारपूर्वक दाबली जाई. एका लग्नाला १२ चित्रे, म्हणजे बारा निवडी! कोणाला टिपावे आणि कोणाला वगळावे, हे आधीच ठरवावे लागे.

ही काटकसर मोडून काढणाऱ्या शोधाची मुळे १९६९ सालात सापडतात. त्या वर्षी अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी प्रकाशाचे विद्युत्भारात रूपांतर करून तो वाचता येईल अशी चकती योजिली. २००९ साली या कार्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ साली कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने तशा चकतीचा कॅमेरा जुळविला. त्याचे वजन साडेतीन किलोहून अधिक, चित्रात बिंदू फक्त १०,०००, आणि एक चित्र कॅसेटवर उतरावयास २३ सेकंद लागत. १९९५ साली कॅसिओ कंपनीचा क्यूव्ही-१० बाजारात आला. काढलेले चित्र पाठीवरच्या लहानशा पडद्यावर तत्काळ पाहण्याची सोय सामान्य ग्राहकास त्याने दिली. २००३ साली कॅनन कंपनीने भिंगे बदलता येणारा ३०० डी हा डिजिटल कॅमेरा १,००० डॉलरच्या आत आणला. ज्या कोडॅकमध्ये हा प्रकार जन्मला, तिला मात्र २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

डिजिटल कॅमेऱ्याबरोबर एक नवा आकडा बाजारात आला, तो मेगापिक्सेलचा. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख बिंदू. आरंभी या आकड्याला अर्थ होता, कारण बिंदू खरोखरच अपुरे होते. परंतु किती पुरे, याचा हिशोब शाळकरी मुलालाही करता येईल. उत्तम छपाईला इंचास ३०० बिंदू धरले, तर ४ इंच बाय ६ इंच चित्राला १,२०० गुणिले १,८०० म्हणजे साडेएकवीस लाखांच्या आसपास बिंदू लागतात. ८ बाय १० इंचांच्या भिंतीवरील चित्राला ७२ लाख पुरतात. यापुढचा आकडा चित्राचा तुकडा कापून मोठा करावयाचा असेल तेव्हा कामास येतो. एरवी तो बहुतांशी जाहिरातीचा ऐवज होय.

मग पाहावयाचे काय? पाहावयाचा तो सेन्सर, म्हणजे प्रकाश झेलणाऱ्या त्या चकतीचा आकार. पावसात अंगणात भांडी मांडून ठेवली, तर रुंद तोंडाच्या घंगाळात अधिक पाणी साठते आणि वाटीत थोडे. सेन्सरचे तसेच आहे. बार्नॅकच्या आराखड्यावर बेतलेला लायका कॅमेरा १९२५ साली विक्रीस आला. त्याच्या फिल्मवरील चित्राचे ३६ बाय २४ मिलिमीटर हे माप आजही ‘फुल फ्रेम’ या नावाने प्रमाण मानले जाते. खिशात मावणाऱ्या अनेक स्वस्त कॅमेऱ्यांतील सेन्सर केवळ ६ बाय साडेचार मिलिमीटरच्या आसपास असतो. क्षेत्रफळात तो फुल फ्रेमच्या सुमारे तिसावा हिस्सा भरतो. यात आणखी एक मौज आहे. ज्याला ‘१ इंची’ सेन्सर म्हणतात, त्याचा कर्णही जेमतेम १६ मिलिमीटर असतो. दूरदर्शनच्या जुन्या कॅमेऱ्यांतील काचेच्या नळीच्या बाहेरील व्यासावरून ही मापे पडली. नळ्या गेल्या, नाव राहिले, आणि ग्राहक मात्र तो खरा इंच समजून बसतो!

झूमविषयीही असाच विवेक हवा. भिंगे पुढेमागे सरकून होणारा झूम खरा; चित्राचा मधला भाग कापून तो मोठा करून दाखविणारा झूम नावाचाच. दुकानात ‘किती पट?’ असे विचारण्याआधी ‘कोणत्या प्रकारचा?’ असे विचारावे.

आता जोडसामानाकडे वळू. यातही इतिहासाचे काही गुण आणि काही धोके उतरले आहेत. तिवईवर कॅमेरा बसविण्याचा पाव इंची स्क्रू फार जुन्या काळापासून चालत आलेला आहे. त्यामुळे आजोबांच्या माळ्यावरील मजबूत तिवई आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांना चालते. जुन्या फ्लॅशचे मात्र तसे नाही. त्यांतील काहींच्या संपर्कबिंदूवर शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि नव्या कॅमेऱ्यातील नाजूक विद्युत्मंडल त्याने निकामी होऊ शकते. मेमरी कार्ड पावतीसह विश्वासाच्या दुकानातून घ्यावे. बाजारात नकली कार्डे असतात; वर लिहिलेली क्षमता त्यांत नसते आणि भरत आल्यावर चित्रे नाहीशी होतात. म्हणून मंगलकार्यापूर्वी नवे कार्ड एकदा पूर्ण भरून, त्यातील चित्रे उघडून पाहावीत.

गोवा, कोकण आणि बेळगावकडील पावसाळ्यात भिंगाचा खरा शत्रू म्हणजे बुरशी. जुने भिंग घेताना त्यातून विजेरीचा झोत टाकून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात काय, हे पाहावे. कातडी पिशवी ओल धरते. तिच्यापेक्षा घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, हे कितीतरी स्वस्त आणि गुणकारी साधन आहे.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असता कॅमेरा घ्यावाच कशाला? प्रश्न रास्त आहे. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघाच्या आकड्यांनुसार २०१० साली १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली ही संख्या ७७ लाखांच्या आसपास आली. मोबाइल एका क्षणात अनेक चित्रे घेऊन, त्यांची बेरीज करून एक चांगले चित्र देतो. अंगणातल्या मुलांसाठी आणि सणासमारंभासाठी तो पुरत असेल, तर निराळा कॅमेरा घेऊ नये. दूरचा पक्षी, अंधुक प्रकाशातील रंगमंच, धावता खेळाडू, यांची आवड असेल तरच कॅमेऱ्यावर खर्च करावा, आणि तोही बाह्य कवचापेक्षा भिंगावर अधिक.

शेवटची कसोटी मात्र दुकानात लागत नाही, ती वीस वर्षांनी घरात लागते. क्लिक थ्रीची बारा चित्रे आजही कित्येकांच्या ट्रंकेत सापडतात; पिवळी पडलेली, पण माणसे ओळखू येणारी. उलट डिजिटल चित्रे हजारोंनी काढली जातात आणि मोबाइल हरवला किंवा डिस्क बिघडली, की एका दिवसात नाहीशी होतात. दीनदयाळांच्या काचा आणि चित्रे पुढच्या पिढ्यांना पाहावयास मिळाली, कारण ती कोणीतरी जतन केली. आपल्या घरातील चित्रांना असा जतनकर्ता आपणच व्हावयास हवे. प्रत्येक चित्राच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्या. वर्षाकाठी निवडक बारा चित्रे कागदावर छापून घ्यावी आणि मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव व साल लिहावे. कॅमेऱ्याच्या किमतीत हा थोडासा खर्च आधीच धरून जो खरेदीस निघेल, त्याचीच पारख खरी म्हणावयाची.