जलपृष्ठालगतचे उड्डाण

मनुष्य आकाशात संचार करू लागल्यापासून त्याच्या मनात पाण्याविषयी एक समजूत मूळ धरून बसली आहे. ती अशी की, पतन अटळच ठरले तर ते खडकाळ जमिनीवर होण्यापेक्षा पाण्यावर झालेले बरे. ही समजूत अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. ज्या यंत्रांच्या भरवशावर ती रूढ झाली, त्यांच्यापुरती ती बव्हंशी खरीच होती. परंतु यंत्रे पालटली, समजूत मात्र वारसाहक्काने जशीच्या तशी पुढे चालत आली, आणि पाठीला इंजिन बांधून तलावाच्या पृष्ठभागावर पाय घाशीत उडणाऱ्या आजच्या पॅरामोटरचालकाच्या जिवावर ती उठली आहे.

सन 1909 मध्ये इंग्लिश खाडी विमानातून प्रथम ओलांडणाऱ्यास लंडनच्या 'डेली मेल' वृत्तपत्राने 1,000 पौंडांचे इनाम लावले होते, आणि त्या इनामाच्या ईर्ष्येने ह्यूबर लाथाम हा 26 वर्षांचा तरुण 19 जुलै रोजी कॅलेनजीकच्या किनाऱ्यावरून निघाला. त्याचे 'आंत्वानेत' विमान लेओं लेव्हाव्हासर या फ्रेंच अभियंत्याच्या प्रतिभेचे फळ होते. लेव्हाव्हासरची इंजिने आरंभी शर्यतीच्या मोटारबोटींसाठी घडविली गेली होती, आणि विमानाचा निमुळता सांगाडाही नौकाबांधणीच्या धर्तीवरच उभारलेला होता. किनारा सुटून काही मैल होतात न होतात तोच इंजिन बंद पडले आणि विमान अलगद समुद्रावर उतरले. पण लाकडी सांगाडा व रुंद पंख यांच्या बळावर ते बुडाले नाही. 'आर्पों' ही फ्रेंच विनाशिका मदतीस पोचली तेव्हा लाथाम तरंगत्या विमानावर बसून स्वस्थपणे सिगारेट ओढीत होता. 25 तारखेला लुई ब्लेरियोने खाडी पार करून इनाम पटकावले; 27 तारखेला लाथाम पुन्हा निघाला, डोव्हरच्या किनाऱ्याजवळ पुन्हा समुद्रात पडला आणि पुन्हा जिवंत बाहेर निघाला. त्याच खाडीच्या परिसरात 1910 च्या डिसेंबरात सेसिल ग्रेस हा वैमानिक विमानासह कायमचा नाहीसा झाला, हे खरे. तथापि लोकांच्या स्मरणात राहिला तो सिगारेट ओढणारा लाथाम.

पाण्याचे दुसरे स्वरूप ओळखले ते जलविमानांच्या चालकांनी. 28 मार्च 1910 रोजी आंरी फाब्र याने मार्सेयजवळच्या बेर सरोवरावरून आपले विमान उडविले, आणि तेव्हापासून ज्यांचा पाण्याशी नित्याचा व्यवहार जडला, त्यांच्या ध्यानात आले की खवळलेल्या पाण्याइतकेच निश्चल पाणीही घातकी असते. वारा पडला असता सरोवरात आकाश तेवढे उमटते, पृष्ठभाग दिसतच नाही. ज्यावर दृष्टी ठरावी अशी एक लाटही नसल्याने अनुभवी चालकालासुद्धा पाणी दोन हात खाली आहे की वीस हात, याचा उमज पडत नाही. म्हणून अशा वेळी डोळ्यांवर विसंबायचे नाही, इंजिनाचा थोडा जोर कायम ठेवून मंद उताराने यायचे आणि पाणी आपण होऊन तळाला लागेपर्यंत धीर धरायचा, असा शिरस्ता पडला. क्वचित पाणी ढवळून काढण्यासाठी आधी एखादी लाँच फिरवीत. 1938 च्या सुमारास इंपीरियल एअरवेजच्या ज्या उडत्या बोटी कराचीहून कलकत्त्याकडे जाताना मेवाडातील राजसमंद सरोवरावर आणि ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या मुलखातील तलावावर उतरत, त्यांच्या चालकांनाही ही विद्या अवगत असणे भागच होते.

पॅरामोटरची वंशावळ मात्र निराळी आहे. डॉमिना जाल्बर्ट याने अमेरिकेत 1960 नंतरच्या दशकात, कापडी कप्प्यांत वारा भरून आकार घेणारा पंख सिद्ध केला. 1978 साली फ्रान्समधील म्यूसी येथे हवाई छत्रीच्या काही शौकिनांनी डोंगरउतारावरून धावत जाऊन तशा पंखाने उड्डाणे केली. आणि पुढच्या दशकात त्या पंखाखाली लोंबणाऱ्या माणसाच्या पाठीवर लहानसे दोन-स्ट्रोक इंजिन व पंखा चढला. येथे सारा हिशेब उलटला. लाथाम आपल्या यंत्रावर बसून तरला. पॅरामोटरचालक आपल्या यंत्राला छातीच्या व मांड्यांच्या पट्ट्यांनी जखडलेला असतो, आणि ते 20 ते 30 किलोचे ओझे तरंगत नाही.

इंजिन बंद पडल्यावर हा पंख एक मीटर उंची खर्चून जेमतेम सहा-सात मीटर पुढे सरकतो. म्हणजे दहा मीटरांवरून उडणाऱ्यास किनारा साठ-सत्तर मीटरांच्या आत हवा, आणि विचारास मिळणारा अवधी पाच-सहा सेकंदांचा. पाय पाण्याला लावून जाणाऱ्यास तोही नाही. पाणी पायांना धरते, पंख पुढे ओढतो, आणि माणूस तोंडघशी पडतो. बैठकीच्या गादीतील फोम तरंगू पाहतो, त्यामुळे कंबर वर आणि डोके खाली अशी अवस्था होते. वरून पंख कोसळतो, त्याच्या बारीक दोऱ्या हातापायांभोवती व इंजिनाच्या पिंजऱ्याभोवती गुरफटतात, कप्प्यांत पाणी भरते आणि प्रवाह असल्यास तो पंख माणसाला आपल्यामागे फरफटत नेतो. उत्तम पोहणाराही येथे हतबल होतो, कारण त्याला पोहण्याची संधीच मिळत नाही. नदीच्या पात्रावरून उडणाऱ्यास आणखी एक वैरी असतो: एका तीरावरून दुसऱ्या तीरावर गेलेल्या विजेच्या तारा, ज्या पाण्याच्या चकाकीत शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत.

यावर तजवीज झाली नाही असे नाही. पाण्याचा स्पर्श होताच वायूच्या नळकांड्याने आपोआप फुगणाऱ्या पिशव्या आता पॅरामोटरच्या चौकटीला बांधता येतात, आणि जाणते शिक्षक बजावतात की, इंजिन थांबले तरी किनारा गाठता येईल इतकी उंची सोडू नये, आणि पाण्यात उतरणे अटळ दिसताच पट्ट्यांचे बंद मोकळे करण्याची तयारी ठेवावी. शर्यतींत पाण्यावर खांब मांडून त्यांमधून वळणे घेण्याचे डाव खेळतात, तेव्हा बचावनौका सज्ज ठेवतात. हा बंदोबस्त पाहून घरी परतलेला हौशी मनुष्य दुसऱ्या दिवशी पहाटे निर्जन तलावावर एकटाच जातो, तेथे त्याच्या दिमतीला नौका नसते, चौकटीला पिशवी नसते, आणि वारा पडलेला असल्याने पाणी किती खाली आहे हे त्याला दिसतही नसते.