रस्ता की मैदान?

कुंडल कुस्तीच्या मैदानासाठी नावाजलेलं, पण सांगली-साताऱ्याच्या या पट्ट्यात बैलगाडीच्या शर्यतीचा नादही तितकाच जुना. वेगाच्या या खेळाने रस्ता सोडून मैदानातच राहावं, असं माझं ठाम मत आहे. मोटारींचा इतिहास हेच सांगतो. १९०३ ची पॅरिस-माद्रिद शर्यत माणसं चिरडली गेल्याने बोर्दोतच थांबवावी लागली. १९०७ मध्ये इंग्लंडात ब्रुकलँड्सची खास धावपट्टी उभी राहिली. आपल्याकडे चाकोरीने तेच काम केलं. रानात शेजारी शेजारी आखलेल्या चाकोऱ्या, प्रत्येक गाडीला आपली एक, मग गट, सेमी, फायनल. चाक चाकोरीत राहिलं की शेजारच्या जोडीला धक्का नाही आणि निकालावर वादही कमी.

कुणी म्हणेल, वळणं-चढ नसतील तर गाडीवानाचं कसब कसं दिसणार? आक्षेप खरा आहे, सरळ पट्टीत काही कसब हरवतंच. पण डांबरावर खूर घसरतात आणि समोरून येणाऱ्या एसटीने शर्यत मान्य केलेली नसते. २०१४ च्या बंदीनंतर हा खेळ १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने परतला, तो अटींसह: धाव हजार मीटरच्या आत, काठी-चाबूक नाही, विजेचा झटका नाही. मैदानात या अटी डोळ्यांदेखत तपासता येतात. मैलभर पसरलेल्या रस्त्यावर कोण पाहणार?