अंगुलिमाल, हिंगोलीचे ठग आणि शिक्षेनंतरचे जीवन

गुन्हेगार ठरलेल्या मनुष्यास पुन्हा मनुष्य म्हणून जगता येते काय, हा प्रश्न आधुनिक कारागृहांनी प्रथम उपस्थित केलेला नाही. तिपिटकात तो स्पष्टपणे आलेला आहे. आणि आमच्या मराठवाड्यातील हिंगोलीच्या इतिहासातही त्याचा एक धागा सापडतो.

१ मे १९९९ रोजी जिल्ह्याचे ठिकाण झालेली हिंगोली एकोणिसाव्या शतकात निजामाच्या राज्यातील लष्करी छावणी होती. निजामाच्या सेवेतील अधिकारी मेडोज टेलर याने १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ठगविषयक कादंबरीच्या प्रस्तावनेत येथील हरिसिंगाची हकीकत दिली आहे. छावणीतील हा प्रतिष्ठित व्यापारी ठगांचा म्होरक्या निघाला. पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पुरलेली प्रेते उकरली गेली, तेव्हा टेलर स्वतः हजर होता. अर्थात ही साक्ष राज्यकर्त्यांच्या बाजूची आहे. ठगीचे चित्र अतिरंजित केले गेले, असे अनेक आधुनिक इतिहासकार मानतात.

पकडलेल्या ठगांपैकी कित्येकांना फाशी वा काळे पाणी झाले. जे माफीचे साक्षीदार झाले, त्यांच्यासाठी व त्यांच्या मुलांसाठी १८३० च्या दशकाच्या अखेरीस जबलपूर येथे उद्योगशाळा निघाली. तेथे तंबू व गालिचे विणण्याचे शिक्षण मिळे. मुक्तता मात्र मिळत नसे. हात कुशल झाले, पण कपाळावरचा शिक्का पुसला गेला नाही. याच विचारसरणीचा पुढचा टप्पा म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. त्याने गुन्हा कृतीवरून नव्हे, तर जन्मावरून ठरविला. वर्णव्यवस्थेहून हा न्याय निराळा कसा म्हणावा? ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, तरी संशय उरलाच.

मज्झिमनिकायातील अंगुलिमालसुत्त याच्या नेमके उलट सांगते. अंगुलिमाल कारागृहात गेला नव्हता. त्याला पकडण्यासाठी राजा पसेनदि पाचशे घोडेस्वार घेऊन निघाला होता. पण तो भेटला भिक्षूच्या रूपात, आणि राजाने त्याला दंड न करता चीवरादी दान देऊ केले. पुढे प्रसूतिवेदनांनी व्याकूळ झालेल्या स्त्रीसाठी त्याने सत्यवचन उच्चारले. ज्या हातांनी जीव घेतले, त्या मनुष्याचे शब्द जीव वाचविण्यास कारण झाले. तरीही, अर्हत झाल्यानंतरही, भिक्षाटनात लोकांच्या दगडांनी त्याचे मस्तक फुटले.

येथे एक अवघड गोष्ट आम्ही लपवू इच्छित नाही. विनयातील महावग्गानुसार अंगुलिमालास पाहून लोक भयभीत झाले, तक्रारी झाल्या, आणि कुख्यात चोरास प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. तुरुंग फोडून आलेला, फटक्यांची शिक्षा झालेला, डागलेला, यांच्यासाठीही संघाचे दार बंद झाले. मग बुद्धाने माघार घेतली काय? आम्हांस तसे वाटत नाही. हा निर्बंध प्रव्रज्येपुरता आहे. त्रिशरण, पंचशील व धम्मश्रवण यांना तो लागू नाही. संघ समाजाच्या अन्नावर जगत होता. त्या समाजाचे भय त्याला दुर्लक्षिता आले नाही. उपासकत्वाचे दार मात्र उघडेच राहिले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात पतित व गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेस स्वतंत्र भाग दिला, तो उगाच नव्हे.

या इतिहासावरून तीन गोष्टी दिसतात. पहिली विद्या: आज मुक्त विद्यापीठांची अभ्यासकेंद्रे तुरुंगांत चालतात. दुसरी चित्ताची चिकित्सा: १९७५ मध्ये जयपूरच्या व १९९४ मध्ये तिहारच्या कारागृहात विपश्यनेची शिबिरे झाली. तिसरी म्हणजे समाजाचा स्वीकार, आणि ती सर्वांत दुर्लभ. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृहातील जातीवर आधारित कामवाटप घटनाबाह्य ठरविले. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी हे सांगावे लागले, यातच सर्व आले.

जबलपुरात पहिली गोष्ट होती. दुसरी व तिसरी नव्हती. अंगुलिमालास पहिल्या दोन लाभल्या. तिसरी श्रावस्तीच्या नागरिकांनी नाकारली. शिक्षा भोगून परतलेला मनुष्य उद्या आमच्या विहाराच्या पायरीशी उभा राहिला, तर आमच्या हाती दगड असेल की पुस्तक, याचे उत्तर कोणत्याही न्यायालयाने नव्हे, आम्हीच द्यावयाचे आहे.