जंगल गावाचं, निर्णय सर्वांचा

बेसा इथून बोलते आहे. आपल्याकडे शेत जाऊन ले-आउट पडतो, तेव्हा घरच्या बाईला कोण विचारतं?

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची गोष्ट ऐका. १९८०च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपटनम धरणांविरुद्ध आदिवासी गावं एकत्र उठली. धरणं थांबली. मेंढ्याच्या गोंड गावकऱ्यांनी तेव्हापासून वळण पाडलं: ग्रामसभेत बाया-पुरुष सोबत बसणार, निर्णय सर्वसहमतीनेच. २००९ मध्ये वनहक्क कायद्याने सुमारे १,८०० हेक्टर जंगल गावाच्या हक्कात आलं. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक पासाचा अधिकारही मिळाला. पुढे कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली.

आता पाऊस लहरी झालाय. जंगल राखलं तरच ओल टिकेल. म्हणून पुढच्या ग्रामसभेत नुसती सही करून उठू नका, बोलूनच या!